उजेडात तोडलेला बांबू

शाळेच्या वसतिगृहातली तांदूळ साठवायची बांबूची कणगी किड्यानं पोखरली, त्यात विणणाऱ्याचा दोष नव्हता. दोष माझा होता. बांबू मी तोडायला लावला होता, तो कधी तोडला हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं विचारलं तेव्हा मी त्याच्या तोंडावर खोटं सांगितलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिता लिहिता स्वतःला सावरून घ्यायचा मोह होईल, तेव्हा ही वाक्यं वर लिहिलेली असली म्हणजे फार लांब पळता येणार नाही.

साठ साल उलटून गेल्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी लोणावळ्याच्या एका हायस्कुलात चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवत होतो. हस्तव्यवसाय म्हणजे पुठ्ठ्याच्या पेट्या, शाडूची फळं आणि सुतळीच्या पिशव्या. वय एकतीस-बत्तीस. बायको इंदुरीची, नदीकाठच्या शेतकरी घरातली. मी तळेगावच्या एका कारकुनाचा मुलगा. शेतात मी कधी वाकलो नव्हतो, पण खेड्याविषयी मी फार बोलत असे. बायको ते ऐकून घेत असे आणि मधूनच म्हणे, "भात कापून झाल्यावर हाताला कसली खाज सुटते, ते एकदा लिहा तुमच्या निबंधात."

नाताळच्या आसपास खंडाळ्याच्या बंगल्यांत मुंबईची मंडळी येऊन राहत. सकाळी दरीच्या कडेपर्यंत फिरून यायचं, दुपारी पत्ते, संध्याकाळी बाजारात चिक्की. आमच्या संस्थेचे अध्यक्षही मुंबईचेच, त्यांचाही तिकडे एक बंगला होता. त्यांच्याकडे एकदा कामासाठी गेलो असताना मी सहज म्हणालो, "या पाहुण्यांना एक दिवस वाडीवर न्यावं. बघायला नव्हे, करायला. भात झोडायचं, उखळात कांडायचं, चूल फुंकायची, टोपली विणायची. संध्याकाळी हात दुखत घरी यायचं."

अध्यक्षांना कल्पना एकदम पसंत पडली. "आखणी तुम्ही करा," ते म्हणाले. मग चहा संपता संपता आणखी एक गोष्ट बोलले. शाळेत हस्तव्यवसायाचं वेगळं दालन काढायचा त्यांचा विचार होता. "हा दिवस कसा जातो ते पाहू, मग त्याचंही ठरवू."

त्या दिवशी घरी येताना ते दालन मी मनातल्या मनात रंगवूनसुद्धा टाकलं. दारावर माझ्या नावाची पाटी होती.

भुशीच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाला, दहा-बारा घरांची एक वाडी होती. खाली भाताची खाचरं, वर रान, मध्ये ओढा. तिथं बांबूकाम करणारा एक जण राहत होता, माझ्याच वयाचा. आसपासच्या सगळ्या वाड्यांना कणग्या, सुपं, इरली आणि कोंबड्यांची डालगी तोच करून देई. कुठल्याही घरात शिरून "ही कणगी कुणाची?" असं विचारलं, तर घरवाल्याचं नाव सांगायच्या ऐवजी लोक याचं नाव सांगत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो अंगणात उकिडवा बसून कामट्या तासत होता. बांबू उभा चिरून त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या, त्या या कामट्या. कोयता एवढा मोठा, आणि त्यातून निघणारी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी. माझ्याशी बोलताना तो हाताकडे बघतही नव्हता.

"शेहेरातली मान्सं हितं येऊन टोपली इननार?" त्यानं विचारलं.

"हो."

"आन घरी नेऊन काय करनार?"

"ठेवतील. आठवण म्हणून."

"मंग डालगंच करू द्या त्यान्ला," तो म्हणाला. "कोंबडी न्हाई तर न्हाई, नातवंडं तरी झाकून ठिवतील."

आत त्याची आई होती, तीही हसली. तिला सगळी वाडी मावशी म्हणे, मीही म्हणू लागलो. तो मला गुरुजी म्हणे, आणि मी त्याला अरेतुरे करत असे. तेव्हा यात काही खटकण्यासारखं मला वाटलं नव्हतं.

पहिला दिवस मार्गशीर्षातल्या एका रविवारी झाला. वीस-बावीस पाहुणे, शिवाय अध्यक्ष आणि माझी बायको. दोन बैलगाड्या. मी एका कागदावर सगळं वेळेवार लिहून आणलं होतं: नऊला खळं, दहाला उखळ, अकराला माझं 'ग्रामोद्योग' या विषयावर पंधरा मिनिटांचं बोलणं, मग बांबूकाम, मग जेवण. खळ्यावर भाताच्या पेंढ्या फळीवर आपटताना एका वकीलसाहेबांचा चष्मा उडून पेंढ्यात गेला, तो शोधण्यात माझा अर्धा वेळ गेला. उखळापाशी बायकांना मुसळ दोनदा उचलून तिसऱ्यांदा उचलवेना. सगळे खुशीत होते. मग मी बोलायला उभा राहिलो.

मी बरं बोलत होतो असं मला वाटतं. पण मागे तो कामट्या सोलत बसला होता. सुरुवातीला एक मुंबईच्या बाई मान वळवून तिकडे बघू लागल्या, मग त्यांच्या शेजारची, मग वकीलसाहेब. आवाज येत होता, चर्र, चर्र. सात-आठ मिनिटांत माझ्यासमोर फक्त बायको आणि अध्यक्ष उरले, आणि अध्यक्षांचीही नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जात होती. मी उरलेलं बोलणं गुंडाळलं. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतर दीड-दोन तास ती माणसं त्याच्याभोवती जमिनीवर बसून होती. पँट मळतील, लुगडी मळतील, कुणाला पर्वा नव्हती. तो शिकवत असा काही नव्हताच. कुणाच्या कामटीचं टोक उलटं गेलं की तो नुसता म्हणे, "ती रुसली, तिला परत बोलवा," आणि ते माणूस उसवून पुन्हा विणे. कुणी विचारलं, हे तुम्ही कुणाकडून शिकलात? तो म्हणाला, "म्या कुटं शिकलो? आमचा बा करायचा, म्या शेजारी बसायचो." याच्यावर लोक अशी मान हलवत होते, जणू त्यानं काही थोर सांगितलं. मी बी.टी., म्हणजे शिकवण्याची पदवी घेतलेला, दोन वर्षं रात्रीचा दिवस करून झालेला. माझ्या बोलण्यावर कुणी मान हलवली नव्हती.

मीही एक टोपली विणायला घेतली. हस्तव्यवसायाचा शिक्षक म्हणून मला ती यायला हवी होती. तळ जमला, कडा वर घ्यायला लागलो तशी ती एका बाजूला लवली. वकीलसाहेब म्हणाले, "गुरुजी, तुमच्या टोपलीला झोप आली." सगळे हसले. त्यानं माझ्या हातातून ती घेतली, दोन बोटांनी कुठंतरी दाबलं, एक कामटी ओढली, आणि टोपली सरळ झाली. "गुरुजींचं काय चुकलं न्हाई," तो लोकांना म्हणाला, "कामटीच दांडगी व्हती."

कामटी दांडगी नव्हती. त्यानं मला सांभाळून घेतलं होतं. तो हसला असता तर मला ते पेललं असतं, हे मात्र पेललं नाही. 

परत येताना बैलगाडीत बायकोच्या मांडीवर एक नवंकोरं सूप होतं. ती त्याच्या वीणीवरून बोट फिरवत होती. "अशी वीण आमच्या इंदुरीत कुणाला येत नाही," ती म्हणाली. "हात बघितलेत त्यांचे? बोलताना बघतसुद्धा नाहीत हाताकडे."

पुढे घरी त्या सुपात तिनं तांदूळ पाखडले की मी घराबाहेर जायला काहीतरी निमित्त काढू लागलो. सुपाचा हेवा वाटणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी बोलावलं. "दालनाचं नक्की करू या," ते म्हणाले. "तुम्ही आहातच. पण बांबूकाम शिकवायला त्या गृहस्थांनाच शाळेत बोलवू. आठवड्यातून दोन दिवस. मुलांना खऱ्या माणसाकडून शिकू दे. संस्थेच्या इतर सभासदांना एकदा त्यांचं काम दाखवलं की झालं. पुन्हा एक दिवस वाडीवर ठेवा. आणि वसतिगृहासाठी एक मोठी कणगी सांगा त्यांना, सगळ्यांच्या डोळ्यासमोर राहील. दिवस कुठलाही धरा, मात्र त्यांना विचारून ठरवा."

खऱ्या माणसाकडून. त्यांना विचारून. हे दोन शब्दप्रयोग मी घरी जाईपर्यंत चघळत राहिलो. माझं काहीच कमी होणार नव्हतं. पगार तोच, तास तेच, दालनाचा प्रमुखही मीच. फक्त आठवड्यातून दोन दिवस मुलं ज्याला गुरुजी म्हणणार होती, तो शाळेचं तोंडही न पाहिलेला वाडीवरचा माणूस होता, आणि मला आतून माहीत होतं की मुलं माझ्यापेक्षा त्याच्याचभोवती बसतील.

वाडीवर जाऊन मी त्याला सांगितलं. त्यानं कोयता खाली ठेवला. मग आईकडे बघून म्हणाला, "आये, साळंत पाय ठिवला न्हाई कंदी, आता शिकवायलाच बोलवत्यात." आणि मला म्हणाला, "बरं झालं गुरुजी. हितली पोरं आता कोयता धरत न्हाईत. समदी खंडाळ्याला सामान उचलाय जात्यात. माज्या मागं ह्ये कुनाला येनार न्हाई असंच वाटत व्हतं. साळंतल्या चार पोरांच्या हातात गेलं तरी लय झालं."

एवढं साधं होतं ते. त्याला दुसरं काहीही नको होतं.

"येत्या रविवारी दिवस धरू," मी म्हणालो.

"येत्या आयतवारी न्हाई जमायचं. मागला बांबू सरला. आता दत्तजयंती आली, उजेड हाय. उजेडात बांबूला हात लावायचा न्हाई. आवस झाली का तोडतो, आठ दिस वढ्यात बुडवून ठिवतो, मंग बोलवा कुनाला बोलवायचं त्येला."

मला ही रीत माहीत नव्हती असं नाही. चांदण्या पंधरवड्यात बांबूत गोडवा चढतो, तो किड्याला लागतो. म्हणून बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात, अमावास्येच्या आसपास तोडायचा, हे त्यानंच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. थांबायला हरकत नव्हती. अध्यक्षांनीच सांगितलं होतं, त्याला विचारून ठरवा. पण 'नाही जमायचं' हे त्याच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, आता माझ्या आखलेल्या दिवसाची तारीखही हा ठरवणार.

"बांबू मी आणतो," मी म्हणालो. "एका बंगल्यात आहे तोडून ठेवलेला."

तोडून ठेवलेला नव्हता. खंडाळ्याच्या एका रिकाम्या बंगल्याच्या आवारात बांबूची बेटं होती, तिथला माळी माझ्या ओळखीचा होता. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो. तो वयानं मोठा, आम्ही त्याला आबा म्हणत असू.

"गुरुजी, उद्या पुनव," आबा म्हणाला. "आज बांबू तोडत न्हाईत."

"शाळेला एका दिवसापुरता हवाय. मुलं खेळतील आणि टाकून देतील."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला, आणि त्यानं वीस-बावीस बांबू तोडून बंगल्याच्या हौदात टाकून दिले. वाडीवर 'तोडून ठेवलेला आहे' म्हणालो ते पहिलं खोटं. आबाला सांगितलेलं हे दुसरं.

तिसरं रविवारी सकाळी बोललो. संस्थेचे चार सभासद, अध्यक्ष आणि काही पाहुणे अंगणात घोंगडीवर बसले होते. त्यानं बांबू हातात घेतला, टोकाशी वास घेतला, नखानं खरवडला.

"वला लय हाय," तो म्हणाला. "कंदी तोडला?"

"अवसेला," मी म्हणालो. "हौदात होता म्हणून ओला."

"कुनी तोडला?"

"माळ्यानं. जाणता आहे तो."

त्यानं कोयत्यानं एक-दोन साली काढल्या. तेवढ्यात मावशी पुढे आली. तिनं खाली पडलेली एक पातळ साल उचलली, तोंडात घातली आणि चावली. मग ती मुलाला म्हणाली, "ग्वाड लागतंय रं."

सगळे माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. खरं तर कुणालाच काही कळलं नव्हतं. सभासद आपापसात बोलत होते. त्यानंही एक साल तोंडात घातली, चावून बाजूला थुंकली. मग आईला म्हणाला, "गुरुजी सांगत्यात आवसंचा, तर आवसंचाच असंल. गुरुजी खोटं बोलत्यात व्हय?"

मावशी आत गेली. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. अंगणात चहा फिरत होता, एक सभासद विचारत होते, "सुरुवात कधी करणार?" मी म्हणालो, "करू या."

त्या दिवशी त्याचं काम पहिल्या दिवसापेक्षाही सुरेख झालं. सभासदांनी शाळेसाठी कचऱ्याच्या टोपल्या घेतल्या, पाहुण्यांनी करंड्या. कणगीचा तळ सगळ्यांसमोर घातला गेला, उरलेली त्यानं पुढच्या आठवड्यात विणून, शेणमातीनं सारवून, स्वतःच्या डोक्यावरून वसतिगृहात आणून ठेवली. माणूस आत उभा राहील एवढी. मुलं तिच्याभोवती गोळा झाली, तर तो त्यांना म्हणाला, "हिच्यात लपू नगा. भात समजून शिजवतील." शिपाईसुद्धा हसला. नेमणूक नव्या वर्षापासून, जूनमध्ये, असं ठरलं.

शिमग्याच्या सुमारास वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीनं तक्रार केली, की तांदळात पीठ सापडतं. मग ऑफिसातल्या टोपल्यांखाली पिवळसर भुकटी पडू लागली. झाडून काढली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. मे महिन्यात शाळा रिकामी असताना मी एकदा कणगीला कान लावला. आत बारीक करकर चालू होती. आणि, हे लिहायला मला आज सगळ्यांत जड जातं, ती करकर ऐकताना मला क्षणभर बरं वाटलं.

अध्यक्षांनी बैठक बोलावली. त्यांच्या टेबलावर एक टोपली होती, तिच्या अंगावर टाचणीनं टोचावीत तशी भोकं. एका सभासदांनी ती दाबली तर कड मोडून हातात आली. "या माणसानं कुजका माल खपवला," ते म्हणाले. "दिखाऊ काम. याच्या हाती मुलं द्यायची?"

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही त्याला ओळखता. तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "वाडीवरची माणसं आहेत. त्यांचा अंदाज कधी कधी चुकतो."

एवढंच. ही दोन वाक्यं पुरली. नेमणूक रद्द झाली, आणि ते त्याला कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी ती टोपली बरोबर नेली. का नेली, मला सांगता येत नाही. कदाचित माझ्या तोंडानं बोलावं लागू नये म्हणून.

त्यानं टोपली हातात धरली, फुंकर मारली. पिवळी भुकटी उडाली. "उजेडातला हाय," तो म्हणाला.

"माळी अवसेचा म्हणाला होता," मी म्हणालो. न केलेल्या चुकीत मी आबालाही ओढलं.

तो माझ्याकडे बघत राहिला, रागानं नव्हे. मग टोपली माझ्या हातात परत देत म्हणाला, "बरं गुरुजी. सांगा त्यान्ला, त्यो मानूस न्हाई यायचा साळंत."

वाडीवाडीतून बातमी फिरली. शाळेची कणगी त्याच्या हातची, आणि चार महिन्यांत पीठ झाली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी त्याच्या घरातून कणग्या नेल्या, त्यांनी इंदुरीच्या बाजारातून आणायला सुरुवात केली. हे मला बायकोकडून कळलं, तिला तिच्या माहेरच्यांकडून. सांगताना ती सूप पाखडत होती. आमच्या घरातल्या सुपाला एकही भोक नव्हतं, ते पहिल्या दिवसाच्या, अमावास्येच्या बांबूचं होतं.

"एकाच हाताचं काम," ती सूप उजेडात धरून म्हणाली. "हे टिकलं आणि ते नाही. कसं काय हो?"

तिनं पुढे विचारलं नाही. पण त्या दिवसानंतर तिनं माझं कुठलंही बोलणं पूर्वीसारखं हसत ऐकलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो रेल्वेत लागला. घाटातल्या रुळांखाली खडी भरणाऱ्या गँगमध्ये. कोयता त्यानं धरला तो फक्त घरच्या लाकडांसाठी. हस्तव्यवसायाचं दालन झालं. दारावर पाटी माझी लागली. बांबूकाम तिथं कधीच शिकवलं गेलं नाही. मुलं पुठ्ठ्याच्या पेट्या करत राहिली, आणि मी वर्षाला दोनदा पाहुण्यांसमोर त्या मांडत राहिलो. मला हवं ते सगळं मिळालं होतं.

असं दहा-अकरा वर्षं चाललं. गाडीतून तळेगावला जाताना रुळांच्या कडेला गँग दिसली, की मी मान दुसरीकडे वळवत असे. मग एका दिवाळीच्या सुट्टीत खंडाळ्याच्या स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली, आणि तो माझ्या खिडकीखालीच बसून भाकरी खात होता. केस पिकले होते. हातांना खडीचे घट्टे. त्यानं वर बघितलं.

"गुरुजी, बरं हाय का?"

मी गाडीतून उतरलो. गाडी सुटली तरी चढलो नाही. त्याच्या शेजारी फलाटावर बसून मी सगळं सांगितलं: पुनवेचा आदला दिवस, आबा, हौद, बैठकीतली ती दोन वाक्यं. बोलायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं मला वाटे की हे सांगायला एक अख्खा दिवस लागेल.

त्यानं भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला. "ह्ये मला म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कधी कळलं?"

"तवाच. साल चावली न्हवं का म्या बी. आयेला कळलं ते मला कळनार न्हाई?"

"मग विणलंस का?"

"चार मोठी मान्सं बसली व्हती. तुमाला त्यांच्याम्होरं खोटं पाडायचं व्हय? मला वाटलं, तुमी मागनं सांगाल. म्हनाल, बाबा, घाई झाली. मंग दुसरी कणगी करून दिली असती. फुकाट दिली असती." तो उठला, घमेलं उचललं. "तुमी सांगितलं न्हाई. म्या वाट बघितली व्हती."

मी त्याचे हात धरायला गेलो, तर त्यानं घमेलं मध्ये धरलं. "मला काय सांगताय गुरुजी? मला कळलंच व्हतं. ज्यान्ला म्हाईत न्हाई त्यान्ला सांगा. आये अजून हाय. येत्या आवसंला समदी वाडी वढ्याला असती बांबू तोडाय. या तवा."

आधी मी हेडमास्तरांना सगळं लेखी दिलं. अध्यक्ष तोवर वारले होते, त्यामुळे ज्यांच्यासमोर मी ती दोन वाक्यं बोललो त्यांच्यासमोर ती परत घेता आली नाहीत. आबालाही शोधून सांगितलं. तो म्हणाला, "असं व्हय," आणि वाफ्याला पाणी घालायला लागला.

मग अमावास्येला सकाळी मी वाडीवर गेलो. एकटा जाणार होतो, पण बायको म्हणाली, "मीही येते," आणि तिनं ते सूप बरोबर घेतलं. ओढ्याकाठी पंधरा-वीस माणसं होती. बांबू तोडून फांद्या छाटत होती. तो कडेला उभा होता, हात रिकामे. मावशी एका दगडावर बसली होती, दिसत नव्हतं फारसं तिला. बायकोनं सूप तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं बोटांनी वीण चाचपली आणि म्हणाली, "ह्ये आमचंच हाय."

कोयते हळूहळू थांबले. मी मावशीच्या पुढ्यात जमिनीवर बसलो, कारण उभं राहून मला ते बोलता आलं नसतं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "मावशी, तुम्ही साल चावून गोड लागते म्हणालात, ते खरं होतं. शाळेच्या कणगीचा बांबू पुनवेच्या आदल्या दिवशी तोडलेला होता. तो मी तोडायला लावला आणि तुमच्या मुलाला अवसेचा म्हणून खोटं सांगितलं. त्यांना ते कळलं होतं. माझा मान राहावा म्हणून ते गप्प बसले. आणि मी त्यांचं नाव जाताना बघत राहिलो, कारण त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता आणि ते मला सहन झालं नाही. त्यांच्या विणीत काही खोट नव्हती. खोट माझ्यात होती. भाऊ, तुमची मी माफी मागतो. मावशी, तुमची मागतो. या वाडीची मागतो."